मनःस्थितीची नोंदवही

‘कसं काय, बरं आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर येणार, हे विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही जाणून असतात. प्रश्न मनाविषयीचा दिसतो. पण त्याचे खरे काम शिष्टाचाराचे असते. याच प्रश्नाचे खरे उत्तर मिळवायचे ठरविले म्हणजे मात्र अडचणी सुरू होतात. गेल्या मंगळवारी दुपारी आपले मन प्रसन्न होते की खिन्न होते, हे खात्रीने सांगू शकणारी माणसे थोडीच आढळतील. जे सांगतील, त्यांचे उत्तरही त्या मंगळवारचे असेलच असे नाही. ते पुष्कळदा उत्तर देतानाच्या मनःस्थितीचे असते.

मोबाइल फोनवर मनःस्थितीची नोंद ठेवणारी ॲप या अडचणीतून निर्माण झाली. दिवसातून एकदोन वेळा ‘या क्षणी कसे वाटते?’ असे विचारावे, उत्तर वेळेसह साठवावे आणि काही दिवसांनी त्याचा आलेख दाखवावा, इतकेच त्यांचे काम. अशी आज्ञावली लिहिण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. दोनतीन माणसांचा स्वतंत्र गट ती काही महिन्यांत तयार करू शकतो. तथापि, आज्ञावली लिहिणे हा या कामाचा सोपा भाग होय. काय विचारावे, किती विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचे काय करावे, हे ठरविणे हा त्याचा अवघड भाग आहे.

अनुभव आणि आठवण

घडत असलेला अनुभव आणि त्याची मागाहून होणारी आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॅनियल कानमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना एकदा १४ अंश सेल्सिअस इतक्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद झाल्यावर आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवावयाचा होता. मात्र त्या अवधीत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेण्यात आले. एकूण त्रास अर्थातच दुसऱ्या वेळी अधिक होता. तरीही, यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारताच बहुसंख्यांनी दुसराच निवडला. त्याचा शेवट कमी त्रासाचा होता आणि आठवणीत शेवटच उरला होता.

मग कागदाची रोजनिशी का पुरेशी नाही? तिचाही दोष एका अभ्यासात उघड झाला. आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखण्याने त्रस्त असलेल्या ८० प्रौढांना तीन आठवडे दिवसातून तीनदा नोंद करण्यास सांगितले. काहींना कागदाच्या वह्या दिल्या, काहींना हातात मावणारी विद्युत्‌ उपकरणे. कागदाच्या वहीच्या बांधणीत प्रकाशाला प्रतिसाद देणारे एक लपविलेले साधन होते. त्यामुळे वही केव्हा उघडली गेली हे कळत असे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : वहीतील नोंदींवरून पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, लपविलेल्या साधनाच्या साक्षीनुसार वेळेवर झालेल्या नोंदी अवघ्या ११ टक्के होत्या. ३२ टक्के दिवशी तर वही उघडलीच गेली नव्हती. त्या दिवसांची पाने मागाहून भरली होती. उपकरणावर मात्र ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. कोणी हेतुपुरस्सर फसविले असे यावरून म्हणता येत नाही. राहिलेले पान भरून टाकणे हा माणसाचा सहज स्वभाव आहे. पण अशा पानावर जे उतरते ती आठवण असते, अनुभव नव्हे.

पेजरपासून मोबाइलपर्यंत

दैनंदिन जीवनातील भावनांची मोजदाद करण्याची कल्पना तशी जुनी आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९२५ मध्येच या विषयावर शोधनिबंध लिहिला होता. १९७० नंतरच्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी किशोरवयीन मुलांजवळ पेजर दिले. दिवसात केव्हाही पेजर वाजला की, त्या क्षणी आपण कोठे आहोत, काय करीत आहोत आणि कसे वाटते, हे सोबतच्या कागदावर लिहावयाचे, अशी ही पद्धत होती. ‘अनुभव-नमुना पद्धती’ या नावाने ती पुढे रूढ झाली. मोबाइल फोनमध्ये घंटा, कागद, घड्याळ आणि टपाल ही चारही साधने एकत्र आली. त्यामुळे जे काम करण्यास पूर्वी प्रयोगशाळा लागे, ते लहान गटाच्या आवाक्यात आले.

दोघांनी उभारलेली पाहणी

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘मॅपिनेस’ हे ॲप. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत जॉर्ज मॅकेरन हे संशोधक विद्यार्थी होते. सुझाना मोराटो या त्यांच्या मार्गदर्शक होत्या. माणसाच्या सुखावर भोवतालच्या परिसराचा काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी मॅकेरन यांनी स्वतःच आज्ञावली लिहिली आणि ऑगस्ट २०१० मध्ये हे ॲप आयफोन वापरणाऱ्यांसाठी विनामूल्य खुले झाले.

त्याची रचना साधी होती. सकाळी ८ ते रात्री १० या वेळात, पूर्वसूचना न देता, साधारणपणे दिवसातून दोनदा घंटा वाजे. पडद्यावर तीन सरकपट्ट्या येत : आपण किती आनंदी आहात, किती निवांत आहात आणि किती तरतरीत आहात? त्यानंतर सोबत कोण आहे, घरात की बाहेर, आणि ४० कामांच्या यादीपैकी कोणते काम चालू आहे, एवढेच विचारले जाई. स्थान उपग्रहाच्या साहाय्याने फोन स्वतःच नोंदवी. हवामान आणि जमिनीचा प्रकार ही माहिती संशोधक उपलब्ध नकाशांवरून मागाहून जुळवीत. जे यंत्राला ठाऊक होऊ शकते ते माणसाला विचारावयाचे नाही, हे तत्त्व येथे पाळलेले दिसते.

मोबदला कोणालाही दिलेला नव्हता. ज्याने उत्तरे दिली त्याला त्याचाच आलेख पाहावयास मिळे : कोणाच्या सहवासात, कोठे आणि काय करताना आपण अधिक आनंदी असतो, हे त्यातून समजे. तेवढ्यावर २० हजारांहून अधिक लोकांनी १० लाखांहून अधिक उत्तरे दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार शहराच्या दाट वस्तीपेक्षा निसर्गाच्या सान्निध्यात लोक अधिक आनंदी होते. समुद्रकिनाऱ्यावर हा फरक शंभरांपैकी सुमारे ६ गुणांचा होता. पुढे अलेक्स ब्रायसन आणि मॅकेरन यांनी कामांची तुलना केली. तीत ४० कामांमध्ये पगारी नोकरीचे काम शेवटून दुसरे आले. त्याच्याही खाली केवळ आजारी होऊन अंथरुणात पडून राहणे होते.

या यशाबरोबर त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. आयफोन बाळगणारे लोक देशातील सर्वसामान्य जनतेपेक्षा तरुण आणि सुस्थितीतील होते. ॲपला उत्तरे देणारे लोक म्हणजे समाज नव्हे, हे अशा प्रत्येक पाहणीच्या बाबतीत खरे आहे.

काय विचारावे?

गटापुढील पहिला प्रश्न शब्दांचा असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव आणि ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत. याउलट, जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये सर्व भावना दोनच अक्षांवर मांडून दाखविल्या : एक सुखद ते दुःखद, आणि दुसरा शिथिल ते उत्तेजित. या मांडणीप्रमाणे संताप आणि कंटाळा हे दोन्ही दुःखदच. परंतु एकात उत्तेजना आहे, दुसऱ्यात शैथिल्य. केवळ ‘चांगले–वाईट’ अशी एकच पट्टी ठेवली तर हा भेद पुसला जातो. एक्केचाळीस भावांची यादी दिली तर दुसऱ्याच दिवशी माणूस कंटाळून ॲप काढून टाकतो. म्हणून पुष्कळ गट दोन पट्ट्या आणि हवे असल्यास एखादा शब्द, या मध्यम मार्गावर येतात.

भाषांतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठीत उदास, खिन्न, बेचैन, कासावीस, हुरहुर या शब्दांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. इंग्रजी शब्दाला शब्दकोशातील पर्याय ठेवून भागत नाही. सर्वसामान्य माणूस ‘मला चिंताविकार जाणवतो’ असे म्हणत नाही. ‘जीव थाऱ्यावर नाही’ असे म्हणतो. भारतातील अनेक भाषांसाठी ॲप करू पाहणाऱ्या गटाने प्रत्येक भाषेतील काही व्यक्तींना प्रश्न वाचून दाखवावा आणि त्यांना तो कसा समजला हे त्यांच्याच शब्दांत विचारावे. हा खर्च थोडा आहे आणि त्याला पर्याय नाही.

केव्हा विचारावे?

रोज रात्री ठरलेल्या वेळीच विचारले तर दिवसभराचा थकवाच नोंदला जातो. यासाठी दिवसाचे दोन किंवा तीन भाग पाडून प्रत्येक भागात एक वेळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडणे इष्ट. झोपेची वेळ वापरणाऱ्याने स्वतः ठरवावी. उत्तराबरोबर घंटेची वेळ आणि उत्तराची वेळ अशा दोन्ही साठवाव्यात, म्हणजे उशिरा आलेली उत्तरे वेगळी काढता येतात. प्रवास करणाऱ्याचे घड्याळ बदलते, हे ध्यानी घेऊन जागतिक प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळेतील अंतर ही दोन्ही लिहून ठेवावी लागतात.

यंत्राचीही काही बंधने असतात. ॲपलच्या प्रणालीत एका ॲपला पुढील काळासाठी ६४ हून अधिक स्थानिक सूचना राखून ठेवता येत नाहीत. दिवसाला तीन धरल्यास ही शिदोरी तीन आठवड्यांत संपते. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून, फोन वापराविना पडून असला की विजेच्या बचतीसाठी सूचना लांबणीवर पडू शकते. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून तर सूचना देण्यासाठी वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगी लागते. घंटा वेळेवर वाजली नाही तर त्या क्षणाची नोंद कायमची हुकते. म्हणूनच स्वस्त आणि जुन्या फोनांवर दीर्घकाळ चाचणी घेणे हे लहान गटाचे सर्वांत वेळखाऊ काम ठरते. दुकानाचेही नियम असतात. २०२३ च्या अखेरीस गूगलने नव्या वैयक्तिक खात्यांना, ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी, २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी घेण्याची अट घातली. पुढे २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली. ही अट जाचक वाटली तरी तिच्यामुळे घरातल्या माणसांपलीकडे ॲप दाखविणे भाग पडते, हा तिचा लाभच होय.

नोंदींवरून निष्कर्ष

समजा, एका शिक्षिकेने दोन महिन्यांत १०० नोंदी केल्या. त्यांपैकी ५ नोंदी सायंकाळी फिरायला गेली असताना केलेल्या असून त्यांची सरासरी इतर वेळेपेक्षा बरीच अधिक आहे. ‘फिरल्याने मन प्रसन्न होते’ असे ॲपने लगेच जाहीर करावे काय? पाच नोंदी हा आधार फार थोडा आहे. शिवाय मन प्रसन्न असलेल्या दिवशीच ती फिरायला बाहेर पडत असेल, हेही शक्य आहे. तेव्हा ॲपने नोंदींची संख्या दाखवावी आणि ‘यामुळे’ हा शब्द टाळून ‘या वेळी’ हा शब्द वापरावा.

माणसामाणसांची तुलनाही फसवी असते. एकाचे ६० म्हणजे दुसऱ्याचे ८० असू शकते. मॅपिनेसच्या अभ्यासकांनी प्रत्येक व्यक्तीच्या उत्तराची तुलना त्याच व्यक्तीच्या इतर उत्तरांशी केली, ती याच कारणाने. वैयक्तिक नोंदवहीत तर तुलना स्वतःशीच असावी. ‘तुमच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा तुम्ही मागे आहात’ असे सांगून कोणाचेही मन हलके होत नाही.

रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष करणे हीदेखील चूक होय. माणूस अत्यंत खचलेला असतो तेव्हा तो फोनला उत्तर देत नाही. त्यामुळे आलेख सुधारलेला दिसतो, तेव्हा प्रत्यक्षात स्थिती बिघडलेली असू शकते. पुष्कळ ॲप सलग किती दिवस नोंद केली याची साखळी दाखवितात आणि एक दिवस चुकताच ती तोडतात. व्यायामाच्या बाबतीत हे चालेल; परंतु ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला आणखी एका अपयशाची नोंद देणे हे मदतीचे लक्षण नव्हे. दोन आठवड्यांनी परतलेल्या माणसाला मागील हिशेब न विचारता आजचे पान उघडून देणे, हे अधिक समंजसपणाचे आहे.

नोंद कोणाची?

मनाची नोंद ही बँकेच्या पासबुकापेक्षाही खाजगी आहे. ती नोकरी देणाऱ्याच्या, विमा कंपनीच्या किंवा घरातल्याच एखाद्याच्या हाती पडली तर माणसाचे नुकसान होऊ शकते. हा धोका काल्पनिक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका ऑनलाइन समुपदेशन सेवेविरुद्ध कारवाई केली. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना पुरविल्याचा आरोप तिच्यावर होता. तिला ७८ लाख डॉलर भरणे भाग पडले.

भारतात संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. सांगितलेल्या हेतूपुरतीच संमती, ती दिली तितक्याच सहजतेने मागे घेण्याची सोय, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती, ही त्यातील महत्त्वाची सूत्रे आहेत.

लहान गटाजवळ सुरक्षातज्ज्ञांचे दल नसते. यावर उत्तम उपाय म्हणजे माहिती गोळाच न करणे. नोंदी वापरणाऱ्याच्या फोनमध्येच कूटबद्ध करून ठेवाव्यात, जाहिरात कंपन्यांच्या आज्ञावली ॲपमध्ये घालू नयेत आणि खाते उघडण्याची सक्ती करू नये. गटाच्या सर्व्हरवर जे नाही, ते तेथून चोरीला जाऊ शकत नाही. सर्व नोंदी साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढण्याची आणि कायमच्या पुसण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. लहान गट मोडतात, माणसे दुसऱ्या नोकरीत जातात, ॲप दुकानातून नाहीसे होते. त्या दिवशी तीन वर्षांची वही वापरणाऱ्याच्या हाती राहिली पाहिजे.

अर्थात, खर्चाचा प्रश्न उरतोच. ॲपलच्या दुकानात राहण्यासाठी गटाला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात आणि दरवर्षीच्या नव्या प्रणालीप्रमाणे आज्ञावली दुरुस्त करावी लागते. हा खर्च वापरणाऱ्याकडून उघडपणे किंमत घेऊन भागवावा. फुकट ॲपची किंमत माणसाच्या गुपितांनी चुकविण्यापेक्षा हा मार्ग प्रामाणिक आहे.

यंत्राची मर्यादा

नोंद ठेवण्याचा लाभ होतो काय? ऑस्ट्रेलियात किशोरवयीन व तरुण मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोबाइलवर मनःस्थिती नोंदविणाऱ्यांची स्वतःच्या भावनांविषयीची जाण वाढल्याचे आढळले. परंतु त्या मुलांच्या नोंदी पाहणारे डॉक्टर तेथे होते, हे विसरता कामा नये. नोंद म्हणजे निदान नव्हे, आणि उपचार तर नव्हेच.

एक उदाहरण पाहू. नैराश्याच्या चाळणीसाठी डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे. ती प्रश्नावली ॲपमध्ये घालणे तासाभराचे काम आहे. पण रात्री दोन वाजता एखाद्याने त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले, तर ते वाचणारे कोण आहे? कोणीही नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार गटाला नाही. मात्र प्रश्न न विचारल्याने जबाबदारी संपत नाही. पडद्यावर सहज सापडेल अशा जागी मदतीचा क्रमांक असला पाहिजे. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे अनेक भारतीय भाषांत, दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

प्रश्न विचारणे ही एक प्रकारे वचन देण्याची गोष्ट आहे. ‘कसे वाटते?’ असे विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घेण्याची, ते जपून ठेवण्याची आणि ज्याचे त्याला परत करण्याची तयारी ठेवली पाहिजे. लहान गटाला सर्व काही करता येत नाही. पण जे निभावता येईल तेवढेच विचारणे त्याला निश्चित साधते. असा गट थोडे विचारतो, आणि त्या थोड्या प्रश्नांना खरी उत्तरे मिळण्याची आशा बाळगू शकतो.